तापीचं पान कुठे आहे?

सुरतेच्या कतारगाममध्ये नळ सोडला की येते ती तापी. सिंगणपोरला 1995 मध्ये विअर-कॉजवे बांधला, भरतीचं खारं पाणी खाली रोखलं आणि वर गोडं पाणी साठवलं. त्याच साठ्यावर सुरत जगते, आणि कतारगामचं वॉटरवर्क्सही. इथल्या हिऱ्यांच्या कारखान्यांत घंटीवर, म्हणजे हिरे घासायच्या चाकावर, बसलेला रत्नकलाकार असो की खानदेशातून आलेलं मराठी कुटुंब, सगळ्यांची तहान एकाच नदीवर. म्हणून राज्याच्या अर्थसंकल्पाकडे मी एकच गोष्ट मागतो: तापीचं पान दाखवा.

ते पान नाही.

गुजरातचे अर्थमंत्री कनुभाई देसाई यांनी 20 फेब्रुवारी 2025 रोजी 3,70,250 कोटींचा अर्थसंकल्प मांडला. वन आणि पर्यावरण विभागाला 3,140 कोटी, हवामान बदल विभागाला 419 कोटी. दोन्ही मिळून शंभर रुपयांत पुरता एक रुपयाही होत नाही. हवामान बदलासाठी स्वतंत्र विभाग काढणारं गुजरात हे देशातलं पहिलं राज्य, साल 2009. त्याचा अभिमान रास्तच आहे. पण आदल्या वर्षी याच विभागाला 1,163 कोटी होते आणि त्यातले बहुतेक पैसे छपरावरच्या सोलरच्या अनुदानाचे होते. सोलर हवंच. पण त्याने नदीत पडणारा नाला थांबत नाही.

कुणी म्हणेल, नदीवर खर्च होतो, फक्त तो दुसऱ्या खात्यांत दिसतो. खरं आहे, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. सरकारी हिशेबात पर्यावरणाचं लेखाशीर्ष 3435, जंगलाचं 2406, पाणीपुरवठा आणि मलनिःसारणाचं 2215, मोठ्या धरणांचं 2700, पूरनियंत्रणाचं 2711, नगरविकासाचं 2217. उकाई धरणाचं पाणी एका शीर्षात, काठाची पूरसंरक्षक भिंत दुसऱ्यात, गटार तिसऱ्यात. तापीवर यंदा एकूण किती खर्च झाला आणि तिचं पाणी त्याने किती सुधारलं, हे सामान्य माणसाला कुठल्याही एका पानावर वाचता येत नाही. ज्याची बेरीजच होत नाही, त्याचा जाब कोणाला विचारणार?

उन्हाळ्यात कॉजवेवर जाऊन बघा. वरच्या बाजूला जलपर्णीचा हिरवा थर काठापासून आत पसरलेला असतो, आणि महापालिकेचं यंत्र तो ओढून काढत असतं. जलपर्णी वाढते ती सांडपाण्यातल्या नत्र आणि स्फुरदावर. म्हणजे वरून मैला येत राहणार, इथे वनस्पती फोफावत राहणार, आणि ती काढण्याचा खर्च दरवर्षी नव्याने मंजूर होणार. पाण्याला वास येऊ लागला की वरून पाणी सोडा म्हणून पाटबंधारे खात्याच्या मिनतवाऱ्या. महापालिकेची माणसं इमानाने राबतात, याबद्दल मला शंका नाही. पण त्यांना नदीच्या शेवटच्या टोकाला उभं करून आधीच्या सगळ्यांच्या चुका उपसायला लावलं आहे. केंद्राच्या नदी संवर्धन योजनेतून तापीसाठी 971 कोटींचा प्रकल्प मंजूर झाला, त्याचं स्वागतच. पण मंजुरीचा आकडा आणि नदीतलं पाणी यांच्यामध्ये जे घडतं किंवा घडत नाही, ते दरवर्षी विधानसभेपुढे आलं पाहिजे.

दुर्लक्षाची किंमत या भागाने मोजली आहे. सप्टेंबर 1994 च्या प्लेगचं केंद्र कतारगामला लागून असलेल्या वेड रोडच्या वस्त्यांत होतं; त्याआधी पूर येऊन गेला होता आणि घाण तशीच पडली होती. ऑगस्ट 2006 मध्ये उकाईतून प्रचंड पाणी सोडलं गेलं आणि शहराचा बहुतेक भाग बुडाला. त्या एका आठवड्यात जे वाहून गेलं, त्याच्या पासंगालाही नदी सांभाळण्याचा वर्षाचा खर्च पुरणार नाही.

एक नुकसान मात्र कोणीच मोजलं नाही. उंधियू या भाजीत पडणारी कतारगामची पापडी. तापीच्या गाळाच्या जमिनीत पिकायची, म्हणून तिला ती चव. आज थंडीत सुरतेच्या बाजारात कतारगामचं नाव घेऊन पापडी विकली जाते आणि कतारगामच्या शेतांवर इमारती उभ्या आहेत. शेत बिनशेती झालं की सरकारकडे पैसा जमा होतो, त्याची नोंद होते. गेलेल्या मातीची नोंद करायला रकानाच नाही.

हिशेब ठेवला तर फरक पडतो, हे याच सुरतेने जगाला दाखवलं आहे. 2019 मध्ये इथल्या कारखान्यांच्या धुरासाठी उत्सर्जनाची मर्यादा ठरवून परवान्यांचा बाजार सुरू झाला. धूलिकणांसाठीचा असा जगातला पहिलाच. धुराड्यांवर सतत मोजणारी यंत्रं बसली आणि संशोधकांच्या अभ्यासात उत्सर्जन 20 ते 30 टक्क्यांनी घटलेलं दिसलं. शुद्ध केलेलं सांडपाणी पांडेसराच्या कापड गिरण्यांना विकणारी महापालिकाही हीच. बुद्धी आहे, अनुभव आहे. धूर मोजता येतो, तर नदीही मोजता येते.

बिहारने 2020-21 पासून हरित अर्थसंकल्प मांडला, ओडिशाने त्याच वर्षी हवामान अर्थसंकल्प. मुंबई महापालिकेनेही 2024 मध्ये स्वतःचा काढला. गुजरात स्त्रियांसाठीच्या तरतुदींचं वेगळं पुस्तक छापतंच. मग नदीचं का नाही? आणि हे काम एकट्या गांधीनगरचं नाही. मुलताईहून निघालेली तापी हतनूर धरणातून, भुसावळजवळून इकडे येते. तिच्यात जळगाव जिल्ह्याचा मैलाही असतो आणि पुराचं पाणीही. महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पातही तापीचं पान हवं, आणि दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचता यायला हवीत.

गुजरातचा अर्थसंकल्प फेब्रुवारीत येतो, महाराष्ट्राचा मार्चमध्ये. मागण्या त्याआधी ठरतात. कतारगामचे असाल तर आपल्या आमदाराला आत्ताच पत्र लिहा, भुसावळचे असाल तर तिथल्या: तापीवरचा सगळ्या खात्यांचा खर्च एका पानावर, आणि त्याच पानावर पाण्याच्या तपासणीचे आकडे. पोच घ्यायला विसरू नका.