कोरी वही

बंगळुरूत स्टँड-अप करू पाहणाऱ्या नवख्याला पहिला सल्ला मिळतो: आजूबाजूला बघ, विषय सापडतील. बघतो बिचारा. सिल्क बोर्डाचा चौक सापडतो, पण तिथे तुंबलेल्या प्रत्येक इंजिनिअरने त्यावर पाच मिनिटांचा मजकूर आधीच लिहिलेला असतो. इंदिरानगरच्या ओपन माइकला समोर बसतात तेही बहुधा नंबर लावलेले विनोदवीरच. सगळ्यांच्या वहीत तोच चौक, तोच घरमालक, तीच दहा महिन्यांची अनामत. हसायला मोकळा कोण?

मुलगा मराठी असला तर पु. लं.ना शरण जातो. १९६१ साली त्यांनी एकट्याने ‘बटाट्याची चाळ’ रंगमंचावर उभी केली. पण चाळीला शेजारी होते. इथल्या सोसायटीत शेजारी फक्त अ‍ॅपवर भेटतो, तोही पार्किंगच्या भांडणात.

मग मोठ्या विषयांना हात घालावा? स्टँड-अप विनोदवीर मुनव्वर फारुकी जानेवारी २०२१मध्ये इंदूरला कार्यक्रम रंगायच्या आतच पकडला गेला, महिनाभर तुरुंगात राहिला. त्याच वर्षी नोव्हेंबरात बंगळुरूतला त्याचा प्रयोग पोलिसांच्या पत्रानंतर रद्द झाला. कारण कायदा आणि सुव्यवस्था. केलेल्या विनोदाला इतकी दाद क्वचितच मिळते. होतकरूंनी वही कोरीच ठेवावी, आणि तिकिटं मात्र वेळेवर विकावीत.