निदानमामा

भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद, या पट्ट्यात कुठंही जुन्या गाडीचं बॉनेट उघडलं की पाच मिनिटांत मामा हजर. बोलावणं लागत नाही. हात पाठीमागं, मान इंजिनवर झुकलेली आणि पहिला शब्द ठरलेला : “थांबा!” सदऱ्याला ग्रीसचा डाग शोधून सापडायचा नाही, ज्यानं निदान करायचं त्यानं पाना धरायचा नाही, हा त्यांचा दंडक.

मालकाशी मामा मराठीत बोलतात, मिस्त्रीशी दखनीत आणि एसटीच्या ड्रायव्हरशी कन्नडात. तिन्ही भाषांत त्यांचं निदान तितक्याच ठामपणानं चुकतं. 2014 साली गुलबर्ग्याचं कलबुर्गी झालं आणि त्याच वर्षी अँबॅसिडर बनायची बंद झाली. मामांनी दोन्ही गोष्टींना अजून मान्यता दिलेली नाही.

पेशंट बहुतेक वेळा प्रीमियर पद्मिनी. आजोबांनी घेतलेली, वडिलांनी गोठ्याशेजारी उभी केलेली आणि नातवाला एकाएकी उमाळा आलेली. नातू ते 1089 सीसीचं इंजिन उतरवतो, बोअर करून नवे पिस्टन-रिंग घालतो, सामान हुडकत सिकंदराबादेपर्यंत जाऊन येतो आणि सगळ्या बॉडीला आकाशी रंग मारतो. मग सेल्फ मारतो. सेल्फ ‘टक्क’ म्हणतो आणि गप्प.

“पॉइंट बघ. करंट येईना बघ तिला,” मामा सांगतात. पॉइंट निघतात, घासले जातात, बसतात. टक्क. “कंडेन्सर गेलाय.” नवा येतो. टक्क. “मग टायमिंगच चुकलंय की!”

मामांचं ज्ञान खोटं असतं तर बरं झालं असतं. ते खरं आहे. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो, म्हणून एक नंबरचा पिस्टन दर खेपेला दोनदा वर येतो : एकदा दाब धरून, एकदा धूर हाकलत. इंजिन बांधताना नेमका दुसरा ‘वर’ धरून डिस्ट्रिब्युटर बसवला, तर ठिणगी भलत्या वेळी पडते आणि कार्बोरेटर फाडकन उलटा उडतो. मामा हे बोटं नाचवून इतकं झकास समजावतात की चहावाल्या पोरालाही 1-3-4-2 हा फायरिंगचा क्रम पाठ होतो. आता जिचा सेल्फच फिरत नाही, ती उलटी तरी कशी उडणार, हे विचारायचं कुणाला सुचत नाही.

एव्हाना गर्दी जमलेली असते आणि तिच्यात लहानमोठे आणखी मामा असतात. ट्रॅक्टरवाला म्हणतो, नोझल साफ करा. नोझल डिझेलच्या इंजिनाला असतात, पण त्याच्या ट्रॅक्टरला मागच्या सुगीत तोच आजार झाला होता. एसटीवाला म्हणतो, पाइपात एअर धरलीय. जो तो आपल्या गाडीचं जुनं दुखणं पद्मिनीच्या पोटात शोधत असतो. खुद्द मामांची अँबॅसिडर एकदा ऐन वैशाखात सस्तापूर बंगल्यापाशी फ्युएल पंपात पेट्रोलची वाफ होऊन उभी राहिली होती. पंपावर ओला फडका टाकल्यावर ती निघाली. तेव्हापासून बिदरच्या जानेवारीतल्या थंडीतही मामा शेवटी ओल्या फडक्यावर येतात.

आज तर पुरावाच मिळतो. नातू सेल्फ मारत असताना मामा आयुष्यात प्रथमच बॉनेटखाली हात घालतात आणि चोकच्या तारेला बोट लागताच “आई गं!” करून मागं सरतात. “बघा, केवढी तापलीय! वाफच धरलीय!” अजून एकदाही चालू न झालेलं इंजिन तापतं कसं, हा प्रश्न फडका भिजवायच्या धांदलीत वाहून जातो.

गॅरेजमधला पोऱ्या मात्र तारेकडं बघत राहतो. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसतं. बॅटरीकडं परतायला करंटला इंजिन आणि बॉडी यांच्यामधली अर्थची पट्टी लागते. ती पट्टी नातवानं हौसेच्या आकाशी रंगावरच आवळलेली. वाट बंद, म्हणून सेल्फचा सगळा करंट चोकच्या बारक्या तारेतून जाऊ बघतोय. पोऱ्या बोल्ट काढतो, पॉलिश पेपरनं नाण्याएवढा रंग खरवडतो, बोल्ट आवळतो. सेल्फ गरकन फिरतो, इंजिन दोनदा अडखळतं आणि धरतं.

“फडक्याचा गुण!” मामा जाहीर करतात. गर्दी माना डोलावते. चहा येतो, पहिला कप मामांना. पोऱ्या पाने गोळा करायला लागलेला असतो.

पण मामांना आंधळं समजू नये. चहा पिताना तिरक्या नजरेनं त्यांनी तो पॉलिश पेपर टिपलेला असतो. त्यांच्या यादीत एक आजार वाढला. पुढच्या आठवड्यात भालकीच्या स्टँडसमोर कुणाची तरी मारुती पेट्रोल संपून उभी राहील, बॉनेट उघडेल, आणि मामा म्हणतील, “थांबा! आधी रंग खरवडा.”