बापूंच्या तीन अटी आणि काकूंचा रिमोट

"काल रात्री तुमच्याकडे कोण पडलं गं? केवढ्यानं किंचाळली!"

काकूंचा पाइप कूलरच्या टाकीत आणि लक्ष आमच्या खिडकीत. पडलं कोणी नव्हतं. वेस्ट इंडीजचे गोलंदाज आपल्या पोरांना कसे फोडून काढत होते ते बघून तोंडातून आवाज निघाला, एवढंच. तेही 1976 सालचं, जमैकातलं. मी 'फायर इन बॅबिलॉन' लावला होता.

"तो होय! मले विचारायचं ना आधी. मी त दोनदा पाहिला."

वर्ध्याबाहेरच्या नातेवाइकांना सांगून पटत नाही, पण आमच्या दोन घरांच्या मंत्रिमंडळात क्रीडा खातं काकूंकडे आहे आणि इतिहास खातं त्यांच्या नवऱ्याकडे, म्हणजे सरांकडे. सर हिंगणघाटच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर सगळं मिळालं, टीव्हीचा रिमोट काही मिळाला नाही. मधली भिंत कमरेएवढी, वर तारेचं कुंपण, आणि त्या तारेवरून वाटीतली भाजी, गोरस भांडारातला गोरसपाक आणि काय बघावं याचे सल्ले अशी सगळी देवाणघेवाण चालते. मे महिन्यात तर जास्तच. दिवसभर दारं बंद, संध्याकाळी कूलर भरायला बायका बाहेर, आणि रात्री गच्चीवरही झोप येत नाही. मग माणूस काय करणार? डॉक्युमेंटरी बघणार.

"त्या पिक्चरच्या मागची गोष्ट माहीत पाहिजे, तर मजा आहे," काकू म्हणाल्या. "जमैकाच्या आधीची कसोटी पोर्ट ऑफ स्पेनला होती. त्यांच्या कप्तानानं, लॉइडनं, तीन फिरकीवाले खेळवले, वर आपल्याला 403 चं आव्हान दिलं. आपण काय केलं? चार गड्यांत 406! गावसकरचं शतक, विश्वनाथचं शतक. तिथं लॉइडचं डोकं फिरलं. पुढच्या सामन्यात सगळा भर वेगवान माऱ्यावर. गायकवाडच्या कानाला लागलं, विश्वनाथचं बोट गेलं, ब्रिजेश पटेलचं तोंड फुटलं. दुसरा डाव 97 वर खलास, कारण पाच जण बॅट घेऊन येण्याच्या स्थितीतच नव्हते."

"पण पिक्चर त्यांच्या बाजूनं आहे हो, काकू."

"असणारच. त्यांनी काय कमी ऐकून घेतलं? इंग्लंडचा तो टोनी ग्रेग, आम्ही त्यांना लोळण घ्यायला लावू अशा थाटात बोलला होता. त्याचा पुढं त्यांनी जो भुगा केला, तो बघताना मीही टाळ्या वाजवल्या. पण जमैकात मार आपण खाल्ला ना! म्हणून पिक्चर संपला की गावसकरचं 'सनी डेज' काढायचं अन् किंग्स्टनचं प्रकरण वाचायचं. तिथल्या प्रेक्षकांवर काय भडकलाय तो! दोन्ही बाजू कानावर पडल्या म्हणजे निकाल आपला आपण लावायचा."

एवढ्यात सर पेपरची घडी करत बाहेर आले. मला ठाऊक होतं आता काय येणार. आले की ते तीन अटी काढतात.

अटी त्यांच्या नाहीत, बापूंच्या आहेत. इथून आठ किलोमीटरवर सेवाग्रामला कनू गांधी होता, बापूंच्या पुतण्याचा मुलगा. विनोबांचे धाकटे भाऊ शिवाजी यांनी त्याला सुचवलं की तू बापूंचे फोटो काढ. घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले, त्यातून रोलायफ्लेक्स कॅमेरा आला. बापूंनी परवानगी दिली, पण तीन अटींवर: फ्लॅश वापरायचा नाही, मला असं बसा तसं उभे राहा सांगायचं नाही, आणि आश्रम एक पैसा देणार नाही. कनूनं दहा वर्षं त्या पाळल्या. म्हणून तर त्याच्या फोटोंत बापू टेलिफोनला कान लावून बसलेले दिसतात, उन्हाचा त्रास नको म्हणून डोक्यावर उशी घेऊन चाललेले दिसतात. आमच्याकडच्या उन्हाचा याहून पक्का पुरावा कोणता?

"कोणताही माहितीपट घे," सर म्हणाले, "या तीन अटींवर घासून बघ. झगमगाट आहे का, माणसाला उभं करून नाटक करायला लावलंय का, आणि पैसा कोणाचा आहे."

"मग तुमचा तो साडेपाच तासांचा?" काकूंनी लगेच पकडलं. "त्याचा पैसा कोणाचा?"

सर हसले. विठ्ठलभाई झवेरींचा 'महात्मा', 1968 चा, 33 रिळं, 330 मिनिटं. पैसा गांधी स्मारक निधीचा, मदत फिल्म्स डिव्हिजनची. म्हणजे तिसऱ्या अटीवर नापासच म्हणा. पण सरांचा जीव त्याच्यात अडकलेला आहे, आणि मीही सांगते, बघण्यासारखा आहे. त्यात नट नाहीत, बहुतेक माल त्या काळचाच. यूट्यूबवर फुकट आहे, एका बैठकीत बघायची सक्ती नाही, छोट्या आवृत्त्याही मिळतात. इतके जुने तुकडे एका जागी आले हेच मोठं. झवेरींच्याही आधी ए. के. चेट्टियार नावाचा तमिळ पत्रकार जगभर हिंडून बापूंची चित्रफीत गोळा करत होता. पन्नास हजार फूट जमवली आणि 1940 साली माहितीपट काढला. बापू इथं सेवाग्रामला राहत होते तेव्हाची ही गोष्ट. आणि 2019 मध्ये पुण्याच्या फिल्म संग्रहालयाला तीस रिळं सापडली, संकलन न केलेली, सुमारे सहा तासांची. त्यात वर्ध्याच्या आश्रमातली दृश्यंही आहेत.

आमचे सर बापूंकडे कमीच बघतात. आश्रमाचं दृश्य आलं की "थांबव, थांबव" म्हणून काकूंना ओरडतात. काकू थांबवतात. मग सर उठून पडद्याला नाक लावून मागच्या रांगेतली माणसं बघतात. पागोटंवाला म्हातारा, कडेवर पोर घेतलेली बाई, कॅमेऱ्याकडे टक लावून बघणारं उघडं पोरगं. "ही शेगावची माणसं आहेत," म्हणतात. सेवाग्रामचं नाव तेव्हा शेगावच होतं, 1940 मध्ये बदललं. बापूंची तर हजार दृश्यं आहेत, या बाईचं जगात एवढंच एक, ते निवेदकाच्या बडबडीत निघून जातं, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. तेव्हापासून मीही क्रिकेटच्या जुन्या चित्रफितीत गर्दीच बघते.

"नापास झालेलं बघायचंच नाही असं नाही," मी म्हटलं. "मी 'ऑलिम्पिया' बघितला."

काकूंनी भुवया वर केल्या. लेनी रिफेनश्टालचा 'ऑलिम्पिया', 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकचा, 1938 मध्ये आला, दोन भागांत. पैसा हिटलरच्या सरकारचा. काही खेळाडूंना नंतर परत बोलावून उड्या मारायला लावल्या आणि ते शूटिंग स्पर्धेत जोडलं. तिन्ही अटी धाब्यावर. तरी डोळ्याचं पातं लवत नाही. ज्या राजवटीला आपल्या वंशाचा डंका पिटायचा होता, तिच्याच पैशाच्या रिळांत जेसी ओवेन्स धावतो आहे, चार सुवर्णपदकं घेतो आहे. ते कापून टाकणं त्या बाईला जमलं नाही, की करावंसं वाटलं नाही.

"अन् अमरावतीचे लोक दिसले का त्यात?" काकूंचा खरा प्रश्न हा. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक त्याच ऑलिम्पिकच्या वेळी बर्लिनला गेलं होतं, आपल्या खेळांची प्रात्यक्षिकं करायला, कबड्डीसकट. आपल्याकडून शे-सव्वाशे किलोमीटरवरची पोरं बर्लिनच्या लोकांपुढे "कबड्डी कबड्डी" करत होती! त्यावर कोणी पिक्चर काढला, तर मी पहिल्या रांगेचं तिकीट काढीन.

बास्केटबॉलवाल्या मायकेल जॉर्डनच्या 'द लास्ट डान्स'वरून मात्र नवरा-बायकोचं वाजलं. दहा भाग, 2020 च्या लॉकडाऊनमध्ये आला. 1997-98 च्या हंगामात कॅमेरावाल्यांना संघाच्या खोलीत सोडलं होतं, पण ते चित्रण जॉर्डनच्या परवानगीशिवाय वापरायचं नाही असा करार. वीस वर्षं डब्यात पडून होतं. मालिकेत जॉर्डनच्या कंपनीचाही हात. अमेरिकेतले मोठे माहितीपटकार केन बर्न्स जाहीर बोलले की याला चांगला इतिहास म्हणता येत नाही. सरांना एवढं पुरलं.

"त्यांनी पाहू नये," काकू म्हणाल्या. "मी त पाहीन. माणूस स्वतःच्या पैशानं स्वतःची आरती ओवाळते ना, तवाच त्याचा खरा स्वभाव दिसते. जिंकून तीस वर्षं होत आली तरी ह्याचं कोणाकोणाशी वैर संपलं नाही. ते त्यानंच दाखवलं, दुसऱ्यानं कायले दाखवायचं?"

याला सरांकडे उत्तर नव्हतं. माझ्या मते त्याहून सरस आसिफ कपाडियाचा 'दिएगो मॅराडोना', 2019 चा. पाचशे तासांच्या जुन्या चित्रणातून काढलेला, आणि मुलाखत देणारी डोकी पडद्यावर नाहीत, नुसते आवाज. सुरुवातीचं बरंच शूटिंग मॅराडोनाच्याच एजंटनं करवून घेतलेलं. म्हणजे पैसा घरचाच. पण तो माणूस नेपल्समध्ये देव होतो आणि तिथंच सैतान ठरतो, हे सगळं त्या घरच्या रिळांतून बाहेर येतं. करवून घेणाऱ्याला पुढचं काय माहीत!

तिसऱ्या अटीत अव्वल नंबरानं पास कोण, असं मी विचारलं तेव्हा सरांनी क्षणही घेतला नाही. नामदेव व्हटकर. बाबासाहेबांची अंत्ययात्रा, 7 डिसेंबर 1956, दादर. या मराठी लेखकानं पदरमोड करून ती चित्रित केली. त्या दिवशी कॅमेरा हलला असेल, प्रकाश कमी पडला असेल, काही बिघडत नाही. दरवर्षी डिसेंबरात आपल्या वर्धा स्टेशनवरून माणसांनी फुललेल्या गाड्या दादरला जातात, त्यातल्या किती जणांच्या आजोबांना त्या चित्रणात बघता येईल! त्यानंतर सरांनी आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' सांगितला. 1997 मध्ये घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण गेले आणि त्यानंतर शाहीर विलास घोगरेंनी आत्महत्या केली. पटवर्धन चौदा वर्षं कॅमेरा घेऊन फिरत राहिले, 2011 मध्ये पिक्चर आला. लांब आहे. पण शाहिरांचे जलसे आहेत त्यात, वेळ कळत नाही.

काकू मधेच घरात जाऊन गोरसपाकाचा पुडा घेऊन आल्या. गंभीर विषय निघाला की त्या खायला आणतात.

"आता माझा ऐक. 'अल्गोरिदम्स.' दृष्टिहीन पोरांच्या बुद्धिबळाचा."

हा मी बघितला नव्हता, त्यांच्या सांगण्यावरून नंतर बघितला. इयान मॅकडोनाल्डचा, 2012 चा, सगळा कृष्णधवल. आपल्या मुंबईचे चारुदत्त जाधव, स्वतः दृष्टिहीन, देशभर हिंडून असे खेळाडू तयार करतात, आणि तीन मुलांच्या मागं कॅमेरा तीन वर्षं फिरतो. पटाची काळी घरं पांढऱ्यांपेक्षा उंच, प्रत्येक घराला भोक, सोंगटीच्या बुडाला खुंटी, काळ्या सोंगट्यांच्या डोक्यावर बारीक टोक. दोघांसमोर दोन वेगळे पट. चाल तोंडानं सांगायची, समोरच्यानं ती आपल्या पटावर लावायची. पोरगं विचार करताना बोटं सगळ्या पटावरून फिरवतं, हलकेच, एकही सोंगटी न पाडता. तिथं निवेदक एक अक्षर बोलत नाही. सरांनी या एका पिक्चरला तिन्ही अटींत पास केलं, आणि काकूंनी तो विजय दोन दिवस मिरवला.

नव्या मंडळींना सांगायचं तर 'बंदों में था दम'. ब्रिस्बेनच्या गाबा मैदानावरच्या विजयाची मालिका, 2022 ची, नीरज पांडेची. संगीत इतकं बडवलंय की फ्लॅशची अट पहिल्या पाच मिनिटांत मोडते. पण अ‍ॅडलेडला 36 धावांत गुंडाळलेला संघ महिन्याभरात ब्रिस्बेनला 328 चं आव्हान पार करून मालिका जिंकतो, ती गोष्ट कोणीही कशीही सांगितली तरी रंगतेच. आमच्याकडे आणखी एक कारण आहे. मेलबर्नला अजिंक्य रहाणेचं शतक सगळ्यांच्या लक्षात आहे. आमच्या लक्षात आहे उमेश यादव, दुसऱ्या डावात बर्न्सला बाद करून मग पोटरी धरून लंगडत बाहेर गेलेला. खापरखेड्याकडच्या वलनीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा पोरगा.

"सगळ्यांवर पिक्चर निघते," काकू उसळल्या. "आपल्या विदर्भाच्या रणजीवर कोण काढणार? 1957 पासून खेळून राहिले, लोक म्हणायचे विदर्भाशी सामना म्हणजे गुण पक्के. अन् डिसेंबर 2017! ईडन गार्डन्स, कर्नाटकविरुद्ध उपांत्य सामना, गुरबानीनं सात गडी काढले अन् आपण पाच धावांनी जिंकलो. पाच! मग इंदूरला दिल्लीविरुद्ध फायनल, त्यात त्याची हॅटट्रिक, 1 जानेवारीला करंडक आपला. पुढच्या वर्षी परत. 2025 मध्ये परत. चंदू पंडितसारखा कडक मास्तर, वासिम जाफरसारखा पिकलेला फलंदाज, फैज फजल कप्तान. अजून कोणता मसाला पाहिजे?"

"मसाला आहे, पण पैसा कोणाचा?" सरांनी चष्मा पुसत विचारलं. "असोसिएशननं दिला तर आरती होईल. खेळाडूंनी दिला तर जॉर्डन होईल. सरकारनं दिला तर विचारूच नका."

काकूंनी पुड्यातला शेवटचा गोरसपाक तारेवरून माझ्या हातात दिला.

"कर्नाटकवाल्यांकडून घ्या. पाच धावांनी हरले ते. त्यांच्या पैशात आपली खोटी स्तुती एक मिनिट व्हायची नाही."