एक रुपया दंड भरून घेण्याबाबत अर्ज

श्रीमंत राजर्षी शाहू छत्रपती महाराज सरकार, करवीर, यांचे सेवेशी –

अर्जदार, राहणार मंगळवार पेठ, कोल्हापूर, पेशाने कारकून आणि दैवयोगाने दोन अपत्यांचा पिता, कृतानेक मुजरे करून अर्ज सादर करतो की, सरकारांनी १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करताना, जो पालक आपले मूल शाळेत धाडणार नाही त्यास दरमहा एक रुपया दंड करण्याची जी तजवीज केली होती, तिचा लाभ प्रस्तुत अर्जदारास मिळावा. दंडास लाभ म्हणणे सरकारांस चमत्कारिक वाटेल. परंतु ज्या करवीरात मूल घरी ठेवण्याबद्दल एके काळी एक रुपया पडत असे, त्याच करवीरात ते शाळेत धाडण्याबद्दल आज जी रक्कम मोजावी लागते ती कानी घातली, तर दंड हीच खरी सवलत होय, हे सरकारांच्या तत्काळ ध्यानी येईल. मोफत शाळा घराजवळ असताना आम्ही मुले अन्यत्र का घातली, हा प्रश्न मात्र सरकारांनी कृपा करून विचारू नये. त्याचे उत्तर आमच्या गल्लीतील कोणाही पालकापाशी नाही. एकाने घातले म्हणून दुसऱ्याने घातले, एवढीच त्याची कैफियत.

हल्ली दिल्लीच्या सरकारचा जो कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे, त्यात सहा ते चौदा वर्षांच्या मुलास शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य म्हटले आहे. पालकाच्या दंडाचा मात्र त्यात उल्लेख नाही. कारकुनी पेशात आयुष्य गेलेल्या माणसास ही मोठी अडचण आहे. दंड भरून मोकळे होता येते, पावती फाइलीस लावता येते. कर्तव्यातून पावती दाखवून सुटलेला इसम आमच्या पाहण्यात नाही. सबब दिल्लीचा कायदा सोडून सरकारांच्या दरबारी येणे भाग पडले.

आता मूळ प्रकरण. अर्जदाराची कन्या यंदा पहिलीत गेली असून चिरंजीव बालवाडीच्या छोट्या गटात दाखल झाले आहेत. जूनच्या पहिल्या आठवड्यात उभयतांना घेऊन महाद्वार रोडवर गणवेश घेण्यास गेलो असता, दुकानदाराने कन्येच्या झग्याचा काठ उलटून आतली दुमड दाखवली आणि म्हटले, "दोन बोटं आत मारून ठेवलंय साहेब, पुढच्या वर्षी सोडायचं." पावसाळी कोट तर त्याने असा काढला की त्यात कन्या, दप्तर आणि प्रसंगी चिरंजीवही मावावेत. "वाढतं अंग हाय," हे त्याचे समर्थन. ज्या पोरीस घेऊन आम्ही दुकानात शिरलो होतो तिच्या मापाचा कपडा घेणे हा शुद्ध अपव्यय होय, हे त्या गृहस्थाने आम्हांस इतक्या सौजन्याने पटवून दिले की आम्ही आभार मानून पैसे दिले. ती दोन बोटे कापड मात्र तेव्हापासून अर्जदाराच्या मनातून जात नाही. पुढील वर्षाची उंची आगाऊ शिवून घेणारा हा व्यवहार बापाच्या संमतीवाचून कसा होऊ शकतो, याचा खुलासा व्हावा.

याहून गंभीर बाब अधिकारक्षेत्राची आहे. आजवर आमच्या घरात खालचे न्यायालय अर्जदाराची पत्नी, त्यावर अपील अर्जदाराच्या मातोश्रींकडे आणि अखेरचा निवाडा अर्जदाराकडे, अशी वहिवाट निर्वेध चालू होती. चंद्र आपल्या मागोमाग का येतो, मुंगी झोपते की नाही, आजोबा आता कोठे असतात, अशा प्रश्नांवर अर्जदाराने दिलेले निर्णय अंतिम मानले जात. शाळा सुरू होऊन पुरता आठवडा लोटला नाही तोच कन्येने जेवताना, "तसं नसतंय बाबा, बाईंनी सांगितलंय," असे उद्गार काढले आणि ती वहिवाट एका वाक्याने संपुष्टात आली. बाईंचे म्हणणे बरोबर होते, ही त्यातली अधिक क्लेशदायक गोष्ट. ज्या बाईंना आम्ही प्रवेशाच्या दिवशी गुलाबाचे फूल देऊन मुलांचे स्वागत करताना केवळ ओझरते पाहिले, त्यांना आमच्या भाकरीच्या ताटापर्यंत हुकूम चालवण्याची सनद कोणी दिली? चिरंजीवांनी तर त्याच बाईंशी लग्न करण्याचा मनोदय जाहीर केला असून मातोश्रींनी त्यास हरकत घेतलेली नाही.

सरकारांस येथे असे वाटण्याचा संभव आहे की, अर्जदार हा मुलांच्या विरहाने व्याकूळ झालेला कोणी सत्पुरुष असावा. वस्तुस्थिती तशी नाही आणि सरकारांपुढे खोटे बोलणे हा अर्जदाराच्या कुळाचा शिरस्ता नाही. सबंध मे महिना आमच्या घरात जे चालले त्यास सुट्टी म्हणणे म्हणजे लुटीस पाहुणचार म्हणण्यासारखे होय. आंब्याच्या हातांनी कपाटे उघडण्यात आली, पाण्याच्या टाकीत चपला पोहतात किंवा कसे याची चौकशी पार पडली, आणि रोज दुपारी, ज्या वेळी करवीरात पंखासुद्धा दमून फिरतो, त्या वेळी "त्यानं मला आधी मारलं" या एकाच फिर्यादीची सुनावणी होत राहिली. शाळा उघडण्याच्या तारखेकडे आम्ही उभयता पतिपत्नी ज्या आतुरतेने डोळे लावून बसलो होतो, ती आतुरता आमच्या विवाहाच्या तिथीसही लाभली नव्हती. पहिल्या दिवशी रिक्षामामांनी पोरे कोंबून रिक्षा हाकली, तेव्हा पत्नीने दार लावून घेतले आणि चहा केला, आणि तो आम्ही गरम असतानाच प्यालो. मातोश्री तेवढ्या म्हणाल्या, "घर कसं खायला उठलंय बघ," आणि घटकाभरात घोरू लागल्या.

म्हणजे अर्जदारास मुले घरी हवी आहेत की शाळेत, असा रास्त सवाल सरकार करतील. दोन्ही अर्ज एकाच वेळी विचाराधीन ठेवावेत, अशी नम्र विनंती आहे.

मुलांची भूमिका त्या मानाने स्वच्छ आहे. पावसाने जोर धरताच कन्या सकाळी दात घासण्याआधी विचारते, "किती फूट झालं?" राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची ४३, हे कोल्हापूरच्या पोरांस पाढ्यांच्या आधी पाठ होते, कारण नदी चढली की शाळेस सुट्टी. २०१९ आणि २०२१ चे महापूर ज्यांनी पाहिले त्या थोरांच्या पोटात हा आकडा ऐकून गोळा येतो. पोरे तो क्रिकेटच्या धावांसारखी मोजतात. सरकारांच्या सक्तीच्या शिक्षणाची पहिली शाळा १९१८ साली ज्या चिखली गावी निघाली, ते नदीकाठचे असून पुरात आधी वेढले जाणाऱ्यांपैकी आहे. शिक्षणखात्याने त्या गावाची निवड करताना मुलांचा सल्ला घेतला होता की काय, अशी शंका येते.

हा विनोद बाजूस ठेवून एक गोष्ट लिहिणे प्राप्त आहे. सरकारांचा तो रुपया ज्याच्यावर बसत होता त्यास तो जड होता. त्याचे पोर शाळेत गेले की गुरे कोणी राखावी, धाकट्यास कोणी सांभाळावे, हा त्याच्यापुढे त्या दिवशीच्या भाकरीचा प्रश्न होता. तरीही याच शहरात राजाराम कॉलेजात शिकलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली कलकत्त्याच्या कौन्सिलात सक्तीच्या शिक्षणाचे बिल मांडले, आणि पुढल्या वर्षी ते फेटाळले गेले. सयाजीरावांच्या बडोद्यात मात्र सक्ती १९०६ पासून राज्यभर चालू होती, आणि करवीरात सरकारांनी ती आणली. १९१९ साली अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा बंद करून सर्वांची मुले एका शाळेत बसवण्याचा हुकूमही येथूनच निघाला. त्या हुकमापुढे आमची दोन बोटे कापड ती काय!

तरीही अर्ज मागे घेत नाही, आणि तो सरकारांच्याच दप्तरातील एका नोंदीच्या बळावर. कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव दत्तक येऊन शाहू छत्रपती झाले आणि १८८५ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, राजकोटच्या राजकुमार कॉलेजात दाखल झाले. सरकारांच्या मातोश्री त्यांच्या लहानपणीच निवर्तल्या होत्या. राजकोटचे शिक्षण चालू असतानाच १८८६ साली वडील आबासाहेबही गेले. मूल शाळेस धाडताना घरी काय होते आणि धाडलेल्या मुलास शाळेत काय होते, या दोहोंची सरकारांस आमच्याहून अधिक माहिती होती. ती असूनही सरकारांनी सक्ती केली आणि बापाच्या मनाची किंमत दरमहा एक रुपया ठरवली. हा दर कशाच्या आधारे काढला, त्याचे टिपण मिळाल्यास उपकार होतील. अर्जदारास तो कधी अतिशय कमी आणि कधी, विशेषतः दुपारी दोनच्या सुमारास, अंमळ जास्त वाटतो.

तरी मेहेरबानी होऊन रुपया भरून घेण्याचा हुकूम व्हावा. निकाल लागेपर्यंत स्थिती जैसे थे ठेवून मुलांस रोज सकाळी शाळेत धाडण्यात येत आहे. कळावे, ही विनंती.

आज्ञाधारक,
अर्जदार

ता. क. – शाळेचे वार्षिक वेळापत्रक आत्ताच हाती आले. त्यात दिवाळीची सुट्टी अवास्तव लांब दाखवली आहे. ती कमी करून मिळण्याबाबत स्वतंत्र अर्ज सोबत जोडला आहे. तो या अर्जाच्या आधी निकालात काढावा.