सव्वानऊचा प्रसाद

नव्याचे नऊ दिवस असतात असं ज्याने म्हणून ठेवलं, तो खासगी बँकेच्या शाखेत कधी चिकटला नसावा. तिथे नवेपणा पहिल्या सोमवारी सकाळी सव्वानऊला संपतो. शटर अर्धंच वर गेलेलं असतं, शिपाई देवाच्या फोटोसमोर उदबत्ती लावत असतो आणि ब्रँच मॅनेजर उभ्याउभ्याच विचारतो, ‘‘तुझं आजचं कमिटमेंट काय?’’

सांगलीहून आलेल्या त्या पोराला अजून सिस्टिमचा पासवर्ड मिळालेला नसतो. पण आजूबाजूचे सगळे आकडे सांगतायत म्हटल्यावर तोही ठोकून देतो, ‘‘तीन खाती, एक इन्शुरन्स.’’ संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक्सेलचा फोटो येतो. डावीकडे नावं, उजवीकडे आकडे. त्याची ओळ लालभडक. खाली क्लस्टर हेडचा एकच शब्द, ‘सीरियसली?’ आणि त्याच्याखाली उरलेल्यांचे जोडलेले हात, ‘यस सर, विल डू सर.’ ज्याला झापलं त्याचं अजून टाइप करून व्हायचंच असतं.

पोरगा रात्रभर कूस बदलत राहतो. माझं काय चुकलं? फोन कमी केले? बोलताना अडखळलो? हे त्याला कोणीच सांगितलेलं नसतं, कारण सांगणाऱ्यालाच ते माहीत नसतं. क्लस्टर हेडला दुपारी झोनल हेडने झापलेलं असतं, झोनल हेडला सकाळी मुंबईने. प्रत्येकाने आपल्या वाट्याचं खाली सरकवलं, जाता जाता पदरचं थोडं घातलं. नव्या पोराच्या खाली कोणी नाही, म्हणून तो प्रसाद काउंटरपलीकडे जातो. एफडी रिन्यू करायला आलेले निवृत्त मास्तर दहा वर्षं हप्ते भरायची पॉलिसी घेऊन घरी जातात. मुंबईत कोणाची तरी तिमाही चुकली, त्याची शिक्षा मास्तरांना.

जून २०२३मध्ये कोलकात्यातल्या एका बँक अधिकाऱ्याचा व्हिडिओ देशभर फिरला, आठवत असेल. ऑनलाइन मीटिंगमध्ये तो हाताखालच्यांवर खेकसत होता, एका दिवसात ७५ पॉलिसी विकायला सांगत होता. बँकेने त्याला निलंबित केलं. सगळ्यांना बरं वाटलं. पण ७५ हा आकडा काय त्याने घरून डब्यात आणला होता? ते विचारायला कोणी थांबलं नाही. आवाज चढवला म्हणून माणूस गेला, आकडे बहुधा हळू आवाजात चालू राहिले.

नव्या माणसाला अशा वेळी दोन सल्ले फुकट मिळतात. घरचे म्हणतात, साहेब बोलले म्हणजे काहीतरी असेलच, सुधार स्वतःला. टपरीवरचे सीनियर म्हणतात, या कानाने ऐक, त्या कानाने सोड. पहिला सल्ला घेणारा सहा महिन्यांत अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांवर येतो. दुसरा घेणारा निवांत असतो खरा, पण खेकसण्याबरोबर कामाचं जे चिमूटभर असतं तेही दुसऱ्या कानातून जातं. मला हा दुसरा जास्त धोक्याचा वाटतो. असे लोक पुढे मॅनेजर होतात.

कामाचं बोलणारं माणूस शाखेत असतंच. बहुतेकदा ते केबिनमध्ये बसत नाही. ऑपरेशन्सच्या टेबलावर पंधरा वर्षं बसलेल्या एखाद्या ताई असतात, चष्मा नाकावर, शेजारी स्टीलची बाटली. त्या पोराला हाक मारतात आणि त्याने भरून आणलेला फॉर्म त्याच्यापुढे ठेवतात. ‘‘आजी-आजोबांचं जॉइंट खातं उघडलंस ना? मग ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’वर टिक कुठाय? उद्या आजोबा गेले तर आजी कुठल्या काउंटरवर रडत उभ्या राहणार? जा, फोन कर, पुन्हा सही आण.’’ त्याची जिरवायचा ताईंचा विचारही नसतो. ती खूण तो जन्मात विसरत नाही. ही टीका एक्सेलमध्ये कुठेच नोंदली जात नाही, ताईंच्या अप्रेझलमध्ये तर नाहीच नाही.

१९९६ साली क्लूगर आणि डेनिसी या दोन संशोधकांनी अभिप्रायावरचे अनेक प्रयोग एकत्र करून तपासले. एक तृतीयांशाहून अधिक वेळा अभिप्राय मिळाल्यावर लोकांचं काम आणखी बिघडलं होतं. बोलणं कामावरून घसरून माणसावर गेलं की गाडी बिघडते, असा त्यांचा रोख. मॅनेजमेंटच्या पोरांना हे वर्गात शिकवत असावेत. परीक्षेला येत नसावं.

तर पोराने करावं काय? सव्वानऊला गप्प बसावं, तिथे कोणीच जिंकत नाही. अकराच्या सुमारास साहेबांचा चहा झाला की वही घेऊन केबिनमध्ये जावं आणि विचारावं, ‘‘सर, कालचे माझे कॉल तुम्ही बघा ना. नेमकं कुठे चुकतंय?’’ आवाजात कुरकुर नको. निम्मे साहेब ‘‘ओनरशिप घे रे जरा’’ एवढंच म्हणून मोबाइलमध्ये डोकं घालतात. मग समजावं की कालची लाल ओळ आपली नव्हती, नुसती आपल्यावरून गेली, आणि रात्री झोपावं. उरलेल्यांतला एखादा मात्र खुर्ची ओढायला सांगतो, ‘‘अरे, तू ग्राहकाला व्याजदर आधी सांगतोस, त्याला पैसे कधी लागणार ते विचारतच नाहीस.’’ असा साहेब भेटला तर त्याची बदली होईपर्यंत शिकून घ्यावं. अशांची बदली लवकर होते. बोललेलं सगळं त्याच दिवशी दोन ओळींच्या मेलवर टाकावं, ‘आपण सांगितल्याप्रमाणे’ अशी सुरुवात करून. मार्च एंडिंगला साहेबांची स्मरणशक्ती दगा देते.

बाकी, मॅनेजमेंटला टीका नको असते हा आरोप मात्र खोटा आहे. खासगी आणि लघुवित्त बँकांमधल्या गळतीचं प्रमाण २५ टक्क्यांच्या आसपास असल्याचं रिझर्व्ह बँकेनेच २०२३-२४च्या अहवालात नोंदवलं आहे. म्हणजे चारातला एक वर्षभरात राजीनामा देतो आणि तो दिला की एचआरचा फॉर्म येतो. ‘आमच्यात काय सुधारणा व्हावी असं आपल्याला वाटतं? कृपया मोकळेपणाने लिहा.’ त्या रकान्यापुढे लाल चांदणी असते. तो भरल्याशिवाय रिलीव्हिंग लेटर मिळत नाही.