पिंगकाका

प्रत्येक सोसायटीत एक गृहस्थ असे असतात, ज्यांच्या घरच्या वाय-फायचा पासवर्ड पाहुण्यांना लिहून द्यायला वहीचं अख्खं पान लागतं. मुलं त्यांना पिंगकाका म्हणतात. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी कुठल्याशा कंपनीत ‘सिस्टीम्स’ला झालेली आणि किल्ल्यांच्या जुडग्यात राउटरच्या रिसेटच्या भोकात घालायची एक पिन. ही मंडळी कोथरूडपासून कांदिवलीपर्यंत कुठेही भेटतात. पत्ता मात्र विचारू नये. फ्लॅट नंबरच्या आधी आयपी सांगतात.

पिंगकाकांच्या घरात बिननावाचं काही नाही. हार्ड डिस्कचा डबा म्हणजे ‘कोठार’. दारावरचा कॅमेरा ‘संजय’, कारण तो बसल्या जागेवरून सगळं सांगतो. प्रिंटर ‘कुंभकर्ण’, तो एकदा झोपला की त्याला उठवता उठवता घरदार उठतं. टीव्हीमागे दोऱ्याने बांधलेला रास्पबेरी पाय हा ‘चित्रगुप्त’, कोणाचा पत्ता काय याची नोंद त्याच्याकडे. “१९८३ साली पॉल मॉकापेट्रिसने डीएनएस काढलं, ते माणसाला आकडे पाठ करायला लागू नयेत म्हणून,” काका सांगतात. मग घरातल्या यच्चयावत उपकरणांचे आकडे तोंडपाठ म्हणून दाखवतात.

या सगळ्यांचं आडनाव एकच: ‘होम डॉट आर्पा’. ‘डॉट लोकल’ लावणाऱ्यांची काकांना कीव येते. ते म्हणजे घरातल्या घरात मारलेली हाक. चार भिंतींत ऐकू जाते, व्हीपीएनच्या बोगद्यातून पलीकडे जात नाही. घरगुती वापरासाठी ‘होम डॉट आर्पा’ रीतसर राखून ठेवलं गेलं २०१८ साली. पुढे २०२४ मध्ये आयकॅनने ‘डॉट इंटर्नल’ही खासगी वापरासाठी मोकळं केलं, पण काका बधले नाहीत. “उतारवयात आडनाव बदलायचं नसतं.”

लोक गावाला जातात ते घरापासून चार दिवस लांब राहायला. काका जातात ते लांबून घरात शिरता येतं का हे बघायला. त्यासाठी वायरगार्ड, म्हणजे तो व्हीपीएनचा बोगदा. २०२०मध्ये ते लिनक्सच्या कर्नलमध्ये आलं, त्याचा आनंद काकांनी मुलीच्या बारशाला झाला नसेल इतका मानला. ब्रॉडबँडवाले एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटतात, मग बाहेरून येणाऱ्याला आपलं दार सापडतच नाही. म्हणून काका जादा पैसे भरून स्टॅटिक आयपी घेतात. काकू महिन्याच्या हिशेबात तो खर्च ‘देणगी’ या सदरात लिहितात. टेलस्केल वापरलं तर हा खर्च वाचेल आणि उपकरणांना नावंही आपोआप मिळतील, असं कोणी सुचवलं की काका विचारतात, “आतमध्ये वायरगार्डच आहे ना? मग आयतं कशाला?”

सोसायटीची सहल गुहागरला गेली तेव्हा बाकीचे समुद्रावर होते आणि काका लॉजच्या ओट्यावर लॅपटॉप घेऊन. पुण्यातल्या कुंभकर्णाला त्यांनी एक चाचणीचं पान धाडलं. काकूंना फोन.

“आलं का पान?”

“नाही आलं. आणि अहो, आंघोळ केलीत का?”

काका पान धाडत राहिले. थोड्या वेळाने लॉजचे मालक हातात कागदांची चळत घेऊन आले. “हे आपलंच का? आमच्या ऑफिसात छापून येतंय.” प्रत्येक पानावर ठळक अक्षरांत एकच ओळ: ‘कुंभकर्णा, ऊठ!’

झालं होतं असं, की काकांच्या घरचे आणि लॉजचेही आकडे १९२.१६८.१ याच मालिकेतले. चित्रगुप्ताने कुंभकर्णाचा पत्ता चोख दिला. पण तो आकडा लॅपटॉपला शेजारच्याच खोलीतला वाटला, त्यामुळे त्याने बोगद्याची वाट धरलीच नाही. मालकांचा प्रिंटर नेमका त्याच आकड्यावर बसलेला. दुसरा कोणी खजील झाला असता. काकांचा चेहरा खुलला. “म्हणजे नावात चूक नव्हती! मार्गात होती!” मालकांनी कागदाचे पैसे लावले, तेही काकांनी हसतमुखाने दिले.

परतल्यावर त्यांनी घरातले झाडून सगळे आकडे बदलून १० च्या मालिकेत नेले. परिणामी टीव्हीला कोठार सापडेना आणि काकूंची मालिका ऐन लग्नाच्या भागात बुडाली. त्यावर काकूंचा उपाय ठरलेला आहे: भिंतीवरचं मेन बटण बंद करून चालू करणे. काका गावाला असताना वीज गेली, चित्रगुप्त अडकला, की सारी मदार याच बटणावर असते. “त्याला आधी नीट शटडाउन तरी...” असं काका फोनवर म्हणेपर्यंत काकूंनी बटण दाबलेलं असतं आणि घर पुन्हा नावानिशी ओ देऊ लागतं. ही पद्धत काकांना मान्य नाही, पण दुसरी कुठली इतकी खात्रीची त्यांना अजून सापडलेली नाही.

दिवाळीला घरी आलेल्या मुलीने एकदा सरळच विचारलं, “बाबा, एवढ्या लांबून घरात शिरून तुम्ही बघता तरी काय?”

“सगळं चालू आहे ना, ते.”

“आणि चालू असलं की?”

“मग काही नाही. लॅपटॉप मिटायचा, झोपायचं.”

“आणि बंद असलं तर?”

काकांनी चष्मा सावरला, खुर्ची पुढे ओढली. “तर मग सहल वसूल!”