अस्सल कोकण, एसीसकट

एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर देवबाग. इथे जवळजवळ घरटी राहण्या-जेवण्याची सोय. खोलीसाठी येणाऱ्या फोनचा क्रमही ठरलेला. आधी एसी, मग वायफाय, मग गरम पाणी आणि शेवटी, आवाज जरा हळवा करून, “जेवण चुलीवरचं असेल ना?”

घर चालवणाऱ्या काकी शहाण्या आहेत. स्वयंपाक गॅसवर होतो; परसातली चूल पाहुणे उठायच्या सुमारास पेटते. बिड्याचा तवा चढतो, अर्ध्या कांद्याने तेल फिरतं, घावनाला जाळी पडते आणि मोबाइल बाहेर निघतात. डीन मॅकॅनेल या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ सालीच लिहून ठेवलंय की पर्यटकाला पडद्यामागचं जगणं बघायची ओढ असते, म्हणून यजमान पडद्यामागचाही देखावा उभा करतात. दशावताराच्या मुलखात हे कुणाला शिकवायला नको. घावन मात्र फर्मास असतं, हे कबूल.

तसं पाहिलं तर इथलं अस्सल काय, हा प्रश्न अडचणीचाच. ज्याच्या सावलीत ‘खरं कोकण’ म्हणून फोटो निघतात तो सुरू मूळचा ऑस्ट्रेलिया-आग्नेय आशियाकडचा. काजू ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी आणलेला. मालवणी मसाल्यातली मिरचीही अमेरिका खंडातलीच.

तरी माणसं त्याच घरी परततात. महाराष्ट्राला शेकडो किलोमीटर किनारा आहे आणि वाळू सगळीकडे पायाला सारखीच चिकटते. पण फाटकातच काकी विचारतात, “गेल्या खेपेक झिलाक ताप इल्लो, आता बरो आसा मा?” संपलं! मग शेजारी स्विमिंग पूल बांधला तरी डोंबिवलीहून आलेलं कुटुंब हलत नाही. किनाऱ्यावरून जाळं ओढायच्या रापणीचंही तेच. दोराला हात लावून फोटो काढणारे पुष्कळ. एखादाच शेवटपर्यंत ओढतो आणि वाट्याला आलेले चार बांगडे मिरवत येतो. तो पुढच्या वर्षी येणार, लिहून घ्या.

या निष्ठावंतांचा जाच मात्र फार. काकींनी अंगणात फरशी घातली की हळहळतात, “पूर्वीची मजा गेली!” स्वतःच्या फ्लॅटमध्ये मॉड्युलर किचन; इथे मात्र अंगण शेणाने सारवलेलंच हवं. शेण अर्थात काकींनी गोळा करायचं. घालू दे की फरशी! त्यांचेही गुडघे दुखतात.

जाता जाता एक सांगणं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. पावसाळी कोकण बघायला गेलात तर ताज्या सुरमईचा हट्ट धरू नका. तुमचं मन राखायला ती बर्फातून आणली जाईल. सुक्या बांगड्याची किसमूर मागा. त्या दिवसांत काकीही तीच जेवतात.